मातीची पत्रिका ‘सामान्य’ म्हणते, मग रानात पाणी का तुंबतं?

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथली एक तक्रार जुनीच आहे. मृदा आरोग्य पत्रिका हातात आहे, तिच्यावर क्षारता ‘सामान्य’ लिहिली आहे, पालाश भरपूर आहे, सामू थोडा चढा आहे एवढंच. तरीही जुलैत दोन जोरदार पाऊस झाले की रानात दिवसेंदिवस पाय ठेवता येत नाही. तूर पिवळी पडते, कपाशी खुरटते. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की तीच जमीन अशी कडक होते की डवरा चालत नाही. इकडे नागपूर जिल्ह्यातली तशीच काळीभोर, तेवढीच खोल जमीन मात्र त्यामानाने लवकर वाफशावर येते.

दोन्ही जमिनी दिसायला सारख्या, पत्रिकेवरही जवळपास सारख्या. वागायला मात्र साफ वेगळ्या. हा फरक समजून घ्यायचा तर तीन प्रकारची माहिती एकत्र वाचावी लागते: प्रयोगशाळेतले आकडे, त्या ठिकाणचं हवामान, आणि ते रान उतारावर नेमकं कुठे आहे ही गोष्ट. यातली एक जरी सुटली तरी उरलेल्या दोन आपल्याला चुकीच्या निष्कर्षाला नेतात. काळ्या जमिनीचं उदाहरण घेऊन हे सगळं पाहू, कारण महाराष्ट्रात याहून महत्त्वाची जमीन नाही आणि तिच्याबद्दल गैरसमजही सगळ्यांत जास्त आहेत.

## पत्रिकेवर असतं तरी काय?

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड इथे सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक; जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं; आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सामू म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल याचं माप. ७ हा मध्यबिंदू, त्याखाली आम्ल, वर विम्ल. क्षारता म्हणजे मातीच्या पाण्यात विरघळलेले क्षार किती.

यासाठीचा नमुना वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमधून घेतात. रानात नागमोडी चालत ठिकठिकाणी व्ही आकाराचे खड्डे करायचे, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत शेवटी अर्धा किलो माती उरवायची. खताची मात्रा ठरवायला ही पद्धत योग्यच आहे. पीक कोवळं असताना अन्नद्रव्यं याच थरातून घेतं.

पण बारा घटकांत चिकणमातीचं प्रमाण नाही, जमिनीची खोली नाही, पाणी मुरण्याचा वेग नाही, चुनखडी नाही आणि सोडियमही नाही. पत्रिका मातीतला आजचा अन्नसाठा सांगते. ती माती कोणत्या जातीची आहे हे सांगणं तिचं काम नव्हतंच. आपण मात्र तिच्याकडून तीच अपेक्षा करतो आणि मग पत्रिकेलाच नावं ठेवतो.

## आधी खड्डा, मग प्रयोगशाळा

मातीचा अभ्यासक पहिल्यांदा मागतो तो खड्डा. माणूस आत उतरून उभा राहू शकेल एवढा, साधारण दीड मीटर खोल. एका भिंतीवर नीट ऊन पडेल अशा बेताने तो खणतात, त्या भिंतीवरचे फावड्याचे वण सुरीने खरवडून काढतात आणि मग ती भिंत वरून खाली वाचायला घेतात.

आधी थर पाहायचे. रंग कुठे बदलतो, ढेकळांचा आकार कुठे बदलतो, मुळं कुठवर गेलीत आणि कुठे अचानक आडवी वळलीत. मुळं आडवी वळली की खाली काहीतरी अडतंय हे नक्की. रंगासाठी रंगाच्या चौकटींचं एक प्रमाणित पुस्तक असतं, मन्सेलचं. ओल्या मातीचा तुकडा त्या चौकटींशेजारी धरून क्रमांक लिहायचा. त्यामुळे नागपूरचा ‘काळा’ आणि परभणीचा ‘काळा’ एकाच मापाने मोजला जातो. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. फसफसून बुडबुडे आले की त्या थरात चुनखडी आहे. चुन्याचे खडेही निरखायचे: कडक, गोटीसारखे, कडा स्वच्छ सुटणारे खडे बहुधा जुने किंवा दुसरीकडून आलेले, मऊ, पांढरे, आजूबाजूच्या मातीत विरघळल्यासारखे दिसणारे ठिपके मात्र इथेच तयार झालेले. हा भेद लक्षात ठेवा, पुढे पूर्णेच्या खोऱ्यात तो कामी येणार आहे.

खोल काळ्या जमिनीत साधारण अर्ध्या मीटरखाली सुरी घालून ढेकूळ अलगद सोडवलं की त्याचा एक पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. उन्हात धरला की तेल लावल्यासारखा चकाकतो आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा असतात. या जमिनीची सगळ्यांत पक्की खूण हीच. पावसाळ्यात माती फुगते, फुगायला बाजूला जागा नसते, मग एक ढेकूळ दुसऱ्यावर तिरपं सरकतं आणि प्रचंड दाबाखाली घासून चकचकीत होतं. हे पृष्ठभाग आडवे नसतात, उभेही नसतात, तिरपे असतात.

अशा जमिनींना जगभरच्या वर्गीकरणात ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. निकष तीन: वरच्या अर्ध्या मीटरभर प्रत्येक थरात किमान ३० टक्के चिकणमाती, ठरावीक काळ उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा, आणि वर सांगितलेले घासटलेले पृष्ठभाग किंवा पाचरीच्या आकाराची तिरपी ढेकळं असलेला किमान २५ सेंटिमीटर जाडीचा थर. ‘काळा रंग’ हा निकष यात कुठेच नाही.

## काळी म्हणजे कसदार, हे खरं की नाही?

रंगावरून बहुतेकांना वाटतं की ही माती शेणखताने, कुजलेल्या पाल्याने काळी झाली. प्रयोगशाळा वेगळं सांगते. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्या खाली असतो, कोरडवाहू रानात तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. काळेपणा येतो तो थोडासाच सेंद्रिय अंश चिकणमातीच्या कणांना घट्ट लपेटून बसतो म्हणून, आणि त्यात बेसॉल्ट खडकातल्या गडद खनिजांचीही भर असते. म्हणजे जमीन काळी आहे म्हणून तिला सेंद्रिय खत लागत नाही, हा समज धोक्याचा आहे. तिला ते लागतं, आणि भरपूर लागतं.

तिचा खरा कस चिकणमातीच्या जातीत आहे. इथल्या चिकणमातीत ‘स्मेक्टाइट’ हे खनिज मोठ्या प्रमाणात असतं. त्याचे कण एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पदरांचे असतात आणि पदरांच्या मधे पाणी शिरू शकतं. वर्तमानपत्रांची रद्दी पावसात भिजली की गठ्ठा फुगून सुतळी ताणतो, तसंच इथे होतं. फरक इतकाच की मातीचा गठ्ठा वाळला की पुन्हा आक्रसतो, आणि उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगा पडतात.

## प्रयोगशाळेत हे मोजतात कसं?

माती वाळवून, कुटून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. मग एका रसायनाच्या द्रावणात घोटून तिचे कण सुटे करतात आणि उंच काचेच्या नळकांड्यात पाण्यात ढवळून स्थिर ठेवतात. वाळू काही सेकंदांत तळाला बसते, पोयटा मागाहून. ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असे चिकणमातीचे कण तासन्‌तास तरंगत राहतात. ठरावीक वेळांनी पाण्याची घनता मोजली की वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे टक्के निघतात. आपल्या खोल काळ्या जमिनीत चिकणमाती ५० ते ६० टक्के सहज निघते.

फुगणं मोजायची रीत तर अगदी साधी आहे. ओल्या मातीची लुगदी सिरिंजमधून ढकलून सरळ वळी काढायची, तिची लांबी मोजायची, वाळू द्यायची, पुन्हा मोजायची. समजा १० सेंटिमीटरची ओली वळी वाळून ८.७ सेंटिमीटर झाली. फरक १.३, त्याला वाळलेल्या लांबीने भागलं की सुमारे ०.१५. ही संख्या ०.०९ च्या वर गेली की माती अति फुगणारी धरतात. लांबीतला हा फरक तीनही दिशांनी होतो, म्हणजे घनफळाच्या हिशोबात ही वाळलेली वळी भिजल्यावर जवळपास दीडपट होते. रानातल्या भेगांचं कोडं इथेच उलगडतं.

स्मेक्टाइट आहे की दुसरं काही, हे क्ष-किरणांनी ठरतं. खनिजाच्या पदरांमधलं अंतर क्ष-किरणांच्या परावर्तनावरून मोजतात. मग त्याला ग्लायकॉलची वाफ देऊन पुन्हा मोजतात. अंतर १४ वरून १७ अँगस्ट्रॉमच्या आसपास गेलं तर फुगणारं खनिज आहे हे सिद्ध होतं. (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.)

याच पदरांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम हे धन भाराचे आयन तिथे चिकटून राहतात आणि एकमेकांशी अदलाबदल करतात. किती आयन धरून ठेवता येतात, ती मातीची विनिमय क्षमता. काळ्या जमिनीत ती मोठी असते, कोकणातल्या जांभ्या मातीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. काळी जमीन खत धरून ठेवते, असं आपण म्हणतो ते यामुळेच. पण जी जागा कॅल्शियमला मिळते ती सोडियमलाही मिळू शकते. चिकटलेल्या सगळ्या आयनांपैकी सोडियम किती टक्के, याला या लेखापुरतं ‘सोडियमचा टक्का’ म्हणू. खारपाणपट्ट्याची सगळी कहाणी या आकड्याभोवती आहे.

## एकच खडक, मग माती वेगवेगळी का?

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग एकाच बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो झाला. महाबळेश्वरलाही बेसॉल्ट, अहिल्यानगरलाही बेसॉल्ट. तरी एकीकडे लालभडक जांभा आणि दुसरीकडे भेगाळणारी काळी जमीन. नुसता खडक पाहून माती सांगता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा आपल्याला शोधूनही मिळणार नाही.

हा फरक पाडतो पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी खाली झिरपताना कॅल्शियम, सोडियम, सिलिका सगळं धुऊन नेतं आणि मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. सह्याद्री ओलांडला की पर्जन्यछायेत पाऊस ५००–६०० मिलिमीटरवर येतो. तिथे धुऊन न्यायला पाणीच पुरत नाही. बेसॉल्टमधून सुटलेला कॅल्शियम जागेवरच राहतो आणि स्मेक्टाइट टिकून राहतं.

हवामानाचा हिशोब मात्र नुसत्या वार्षिक सरासरीवर होत नाही. महिनावार पाऊस एका बाजूला आणि त्या महिन्यात उन्हावाऱ्याने उडून जाऊ शकणारं पाणी दुसऱ्या बाजूला, असा ताळेबंद मांडावा लागतो. विदर्भात वर्षभरात उडून जाऊ शकणारं पाणी दीड हजार मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, म्हणजे पावसापेक्षा किती तरी अधिक. वर्षातले दोन-तीन महिनेच पाऊस वरचढ ठरतो. बाकीचे नऊ महिने माती वरच्या बाजूने वाळत असते. म्हणूनच जागतिक वर्गीकरणात जमिनीचं नाव ठरवताना ती वर्षातून किती दिवस ओली, किती दिवस कोरडी आणि भेगा किती दिवस उघड्या, हेही मोजतात. हवामान त्या नावाच्या आतच आहे.

मग पाऊस कळला की माती कळली का? तसंही नाही. सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या भागातही खोलगट जागी काळ्या जमिनी सापडतात. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये याचं कारण मांडलं: बेसॉल्टच्या पोकळ्यांतली झिओलाइट ही खनिजं सतत कॅल्शियम पुरवत राहतात, त्यामुळे पाऊस धुऊन नेत असला तरी भरपाई होत राहते. अशा ठिकाणी नुसता पर्जन्यमापक पाहणारा माणूस हमखास चुकेल.

## उतारावर तुमचं रान कुठे आहे?

हा भाग शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. माथ्यावर बरड, उतारावर मुरमाड हलकी, खाली मध्यम, नाल्याकाठी भारी, हा क्रम गावातल्या कोणालाही तोंडपाठ असतो. माथ्यावर मातीची खोली वीतभर, नदीच्या खोऱ्यात दीड-दोन मीटर. पाणी बारीक माती खाली आणतं आणि विरघळलेले क्षारही खालीच आणतं. एका शिवारात, अर्ध्या किलोमीटरच्या आत चार प्रकारच्या जमिनी असू शकतात आणि त्यांना एकच खत, एकच वाण, एकच पेरणीची तारीख लागू पडत नाही.

यातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी: खोऱ्यातली ही सगळी चिकणमाती आजच्या हवामानात बनलेली नाही. एवढं स्मेक्टाइट तयार व्हायला आजच्यापेक्षा ओलं हवामान लागतं. ते जुन्या, जास्त पावसाच्या काळात वरच्या डोंगरांवर बनलं, वाहत आलं आणि खोऱ्यात साचलं. नंतर हवामान कोरडं होत गेलं. म्हणजे आपण पेरतो ती माती एका हवामानात जन्मली आणि दुसऱ्या हवामानात जगते आहे. पूर्णेच्या खोऱ्यात जे बिघडलं, ते या दुसऱ्या हवामानात.

## तिन्ही माहिती एकत्र: पूर्णेचं खोरं

उत्तरेला सातपुडा, गाविलगडची रांग. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधे जमीन खचून झालेली दरी आणि तिच्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ. पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. उतार इतका कमी की पाणी रेंगाळतं. ही झाली जागा.

खोऱ्यात ईशान्येकडून नैऋत्येकडे जाल तसा पाऊस कमी होत जातो. फरक फार नाही, शे-दीडशे मिलिमीटरचा. हे झालं हवामान.

आता खड्ड्यातले नमुने. ज्या दिशेने पाऊस कमी होतो त्याच दिशेने सोडियमचा टक्का वाढतो. आणि एकाच खड्ड्यात वरून खाली जातानाही तो वाढतो. इथे समुद्र नाही. हे कोरडवाहू रान आहे, कालव्याने पाणी वर चढलं असंही नाही. मग सोडियम आला कुठून?

तो बेसॉल्टच्याच फेल्डस्पार खनिजातून कॅल्शियमबरोबर सुटत आलेला आहे. फरक पडतो तो पुढे. माती वाळताना पाण्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो. खड्ड्याच्या भिंतीवर दिसलेले ते मऊ पांढरे ठिपके हेच. सोडियम असा बसत नाही, तो पाण्यातच राहतो. दर उन्हाळ्यात कॅल्शियम थोडा कमी, सोडियमचा वाटा थोडा जास्त. हजारो वर्षं हे चालू राहिलं की चिकणमातीच्या पदरांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन बसतो. पाऊस पुरेसा असता तर तो धुऊन गेला असता. तेवढा नाही, आणि उतारही नाही.

कॅल्शियमचा भार दुहेरी, त्यामुळे तो कणांना एकमेकांजवळ धरतो, मातीचे रवे बांधतो, रव्यांमधून पाणी वाट काढतं. सोडियमचा भार एकेरी आणि भोवती पाण्याचं जाड वेष्टण. त्याच्यामुळे कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि जाऊन बारीक छिद्रं बुजवतात. पाणी खाली जायचं थांबतं. वर चिखल, खाली कोरडं, आणि मुळं मधल्या मधे गुदमरतात. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो.

सुरुवातीच्या तक्रारीचं उत्तर आता देता येतं. पत्रिका क्षारता ‘सामान्य’ म्हणते, कारण या जमिनीत विरघळलेले क्षार खरोखरच फार नसतात; दोष चिकटलेल्या सोडियमचा आहे आणि तो पत्रिकेवर नाही. शिवाय नमुना वरच्या वीतभर थराचा असतो आणि सोडियम खाली वाढत जातो. पत्रिकेवरचे आकडे खरे होते, फक्त प्रश्न वेगळाच होता.

## पण मर्यादा तर १५ टक्के आहे ना?

पुस्तकात असंच दिलेलं असतं. सोडियमचा टक्का १५ च्या वर गेला तर जमीन चोपण, खाली असेल तर चिंता नको. हा आकडा अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेतून जगभर गेला. ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या जमिनींसाठी ती मर्यादा ६ वर आणली. विदर्भातल्या काळ्या जमिनींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं की इथे सोडियमचा टक्का ५ च्या पुढे गेला तरी पाणी मुरण्याचा वेग झपाट्याने घसरतो आणि कपाशीचं उत्पन्नही त्याच्याबरोबर घसरतं.

यात गूढ काही नाही. ज्या मातीत ६० टक्के चिकणमाती आहे आणि तीही फुगणारी, तिची छिद्रं मुळातच बारीक. ती बुजायला थोडे सुटे कण पुरतात. वाळूमिश्रित मातीत तोच टक्का निरुपद्रवी ठरू शकतो. म्हणून या शास्त्रज्ञांनी म्हटलं की काळ्या जमिनीत सोडियमच्या टक्क्यापेक्षा पाणी मुरण्याचा वेगच थेट मोजा. तो तासाला १० मिलिमीटरच्या खाली असेल तर जमीन बिघडलेली समजा. मला हे या विषयातलं फार मोलाचं काम वाटतं. दुसऱ्या देशाच्या मातीसाठी काढलेली रेघ आपल्या मातीवर ओढली, तर आजारी जमीन कागदावर निरोगी ठरते आणि शेतकऱ्याच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

## शेतकऱ्याला हाताने कळतं, मग हा खटाटोप कशाला?

हाताने पुष्कळ कळतं. ओल्या मातीची गोळी वळून, बोटात फीत काढून चिकणमातीचा अंदाज घेणं ही सर्वेक्षकांचीही पहिली पायरी आहे. पण मीटरभर खाली सोडियम किती, हे हाताला कळत नाही. आणि आपल्या रानातला अनुभव दुसऱ्या कोणत्या रानाला लागू पडेल, हेही हात सांगत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेत १९७६ पासून नेमकं हेच काम चालतं: खड्ड्याची नोंद, प्रयोगशाळेचे आकडे, पाऊस आणि उतार जुळवून सारख्या जमिनींना एक नाव द्यायचं. बहुधा ते नाव गावाचंच असतं. नागपूर जिल्ह्यातल्या लिंगा गावाच्या नावाने अशी एक काळी जमीन ओळखली जाते. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरायचा मार्ग हाच.

उपग्रहाने हे होणार नाही का, असंही आता विचारलं जातं. उपग्रह, ड्रोन, विजेची वाहकता मोजत फिरणारी यंत्रं यांची मोठी मदत होते. कुठे बदल आहे हे ती दाखवतात, त्यामुळे खड्डे कमी खणावे लागतात आणि नेमक्या जागी खणता येतात. पण बदल कशाचा आहे, हे खड्ड्यातच कळतं. सव्वा मीटर खोलीवरचा चकाकणारा पृष्ठभाग कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

## शेतीपलीकडे

घर बांधणाऱ्याला ही माती वेगळ्याच कारणाने छळते. पाया उथळ असेल तर पावसाळ्यात उचलला जातो, उन्हाळ्यात खचतो, आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात. यासाठीची एक चाचणी फार सुंदर आहे. चाळलेली १०–१० ग्रॅम माती दोन नळकांड्यांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी दोन्हींची उंची पाहायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक समोर दिसतो. अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले खांब रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले. हवामानामुळे ओलावा बदलतो त्या थराच्या खाली ते रोवतात. तो थर किती खोल, हे पुन्हा पाऊस आणि माती यांच्या हिशोबातूनच येतं.

## जिप्सम टाकलं की झालं का?

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला पदरांवरून हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम मुळांखाली वाहून जायला हवा. त्याला पाणी लागतं आणि निचरा लागतो. निचऱ्याची सोय न करता जिप्सम टाकलं की पैसे गेले. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम, सोबत शेणखत किंवा ढैंचाचं हिरवळीचं खत, पेरणी बीबीएफवर म्हणजे रुंद वरंब्यावर, आणि जादा पाण्याला चर, असं एकत्र करावं लागतं. जमिनीत आधीच असलेल्या चुनखडीतला कॅल्शियमही सेंद्रिय खताच्या आणि मुळांच्या आम्लाने हळूहळू मोकळा होतो, तो फुकटचा आहे.

खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी द्यायचा मोह मात्र टाळलेला बरा. भूजल खारं आहे, त्याने सोडियम आणखी चढतो. इथे भरवशाचं पाणी आभाळाचं, म्हणून शेततळं. कृष्णा आणि नीरा खोऱ्यात कालव्याच्या भागात ज्या जमिनी चिबड आणि खारवट झाल्या, तिथे गोष्ट वेगळी आहे: पाणी जास्त झालं, पातळी वर आली, क्षार वर आले. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणं हा मुख्य उपाय. नाव दोन्हीकडे ‘खराब जमीन’ हेच असतं, पण कारण उलटं, म्हणून उपायही वेगळा.

जिप्समची मात्रा शेजाऱ्याने टाकली तेवढी टाकून चालत नाही. माती तपासायला देताना विनिमययोग्य (म्हणजे पदरांना चिकटलेला) सोडियम, चुनखडी आणि चिकणमातीचं प्रमाण, या तीन चाचण्या वेगळ्या मागून घ्या. नेहमीच्या पत्रिकेत त्या येत नाहीत. नमुना एप्रिल-मेमध्ये, रान मोकळं असताना घ्या. ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–१०० सेंटिमीटर असे चार थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, एकमेकांत मिसळू देऊ नका, आणि भेगेतून वरची माती खाली पडलेली असेल ती जागा टाळा. प्रत्येक पिशवीवर खोलीबरोबर हेही लिहा: रान माथ्यावर आहे, उतारावर आहे की नाल्याकाठी, आणि जोराच्या पावसानंतर वाफसा यायला किती दिवस लागतात.